वाडी पडली आणि हुदहुद आला

परवा दुबईहून मुलाचा फोन आला. तब्येत, औषधं, घराची कौलं असं सगळं बोलून झालं आणि मग तो म्हणाला, "अब्बा, काल तुम्ही पाठवलेल्या फोटोत पक्षी कुठे आहे? मला नुसती माती आणि केळीचे बुंधे दिसतात." मी म्हटलं, डावीकडून दुसऱ्या केळीच्या खाली बघ, पाठमोरा बसलाय. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "हां, असेल."

म्हणजे त्याला दिसला नव्हता.

त्याची चूक नाही. फोटो चांगला नव्हताच. हुदहुद मातीच्याच रंगाचा असतो, तुरा मिटून पाठ करून बसला की ढेकळात हरवतो. पंखांवरचे काळे-पांढरे पट्टे तेवढे चुगली करतात, आणि तेही त्या दिवशी केळीच्या पानाच्या सावलीत गेले होते. तरीही मी तो फोटो सगळ्यांना पाठवला. का पाठवला, ते सांगायचं तर पन्नास वर्षं मागे जावं लागेल.

आमची श्रीवर्धनला सुपारीची वाडी. श्रीवर्धनी रोठा म्हणजे काय ते सुपारी खाणाऱ्याला सांगावं लागत नाही. वाडीत सुपारी, मधेमधे नारळ, सुपारीवर चढवलेले मिरीचे वेल, विहिरीजवळ जायफळाची दोन झाडं. भर दुपारी बारा वाजताही खाली संध्याकाळ असायची. पाटाचं पाणी झाडाझाडाला फिरत असे आणि पाचोळा कधी पूर्ण वाळत नसे. त्या पाचोळ्यात एक पक्षी असायचा. नारिंगी डोकं, राखी पाठ. पानं उलटीपालटी करत किडे शोधायचा. त्याला कस्तुर म्हणतात हे मला फार पुढे कळलं. आमच्या घरात त्याला नाव नव्हतं. 'वाडीतला पक्षी' एवढंच.

१९७३ साली माझे मामू बोटीवरून सुट्टीला आले. आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी मुसलमान घरांतली एक पिढी बोटीवर गेली आणि दुसरी आखातात, तशी आमच्याकडची ही बोटीवरची पिढी. मामूंनी जाताना त्यांचा जुना आग्फा क्लिक थ्री मला दिला. मी चौदा वर्षांचा. काळा चौकोनी डबा, एका रोलमध्ये बारा फोटो. रोल मुंबईला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्यायचा आणि महिना-दीड महिना वाट बघायची.

अडचण एकच होती. माझे बाबा. ते कडक नव्हते, पण एका गोष्टीत त्यांचा शब्द फिरत नसे. घरात जानदाराची तस्वीर नको. माणूस नको, जनावर नको, पक्षी नको. "झाडांचे काढ, दर्याचे काढ, हवे तेवढे काढ," ते म्हणाले, "पण ज्यात रूह आहे ते नको." या मसल्यावर उलेमांमध्येच दोन मतं आहेत हे तुम्हाला ठाऊक असेल. काहींच्या मते कॅमेऱ्याचा फोटो म्हणजे आरशातल्या प्रतिबिंबासारखा, माणसाने हाताने घडवलेली ती आकृती नव्हे, म्हणून त्याला मनाईचा नियम लागत नाही. काही आजही ते मानत नाहीत. बाबा दुसऱ्या बाजूचे होते आणि त्यांच्या घरात राहत असेपर्यंत तो वाद मी कधी केला नाही. आजही त्यांच्यावर हसावं असं मला वाटत नाही. चित्रापुढे माणूस कसा झुकत जातो, याची भीती त्यामागे होती, आणि आजचे फोन बघितले की ती भीती अगदीच खोटी होती असं छातीठोकपणे कसं म्हणणार?

पण चौदा वर्षांच्या पोराला कस्तुरचा फोटो हवा होता. म्हणून मी एक लबाडी केली. वाडीत गेलो, कस्तुर समोर पाचोळ्यात होता, आणि मी झाडांचा फोटो काढला. त्या झाडांच्या मधोमध तो होता. बाबांनी विचारलंच तर 'झाडांचा आहे' म्हणून सांगता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं.

फोटो आला तेव्हा पक्षी नव्हता. ज्यांनी क्लिक थ्री वापरला आहे त्यांना कारण लगेच कळेल. तो कॅमेरा उन्हात माणसांना उभं करून फोटो काढण्यासाठी बनवलेला. गच्च सावलीत त्याला काही दिसत नाही आणि पंधरा फुटांवरचा पक्षी म्हणजे मोहरीएवढा ठिपका. फोटोत होते ते काळे खांब, एकामागे एक, आणि अगदी टोकाला पाटाच्या बाजूने आलेला उजेडाचा एक पट्टा. बाबांनी फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "आपली वाडी." आणि ठेवून घेतला.

१९८१ मध्ये मी कुवेतला गेलो. एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर. तीन वर्षांनी पेंटॅक्स के-थाउजंड घेतला, त्याला जुन्या बाजारातून दोनशे मिलिमीटरची लेन्स जोडली. शुक्रवारची सुट्टी जुम्माच्या नमाजपर्यंत माझी असायची. हिवाळ्यात कुवेतच्या खाडीत रोहित उतरतात. ओहोटीच्या चिखलात ते लांबवर गुलाबी रेघेसारखे उभे असत. खोलीतले बाकीचे पाच जण झोपलेले असताना मी बसने तिकडे जायचो. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, त्यातले दोन बरे यायचे. दर फोटोमागे किती फिल्स गेले याचा हिशोब मनात चालूच. रोहित सोडून त्या चिखलात छोटे छोटे पक्षी धावत असायचे, चार पावलं पळायचं, थांबायचं, चोच मारायची, पुन्हा पळायचं. हे तर आपल्या श्रीवर्धनच्या वाळूवरचेच चिखल्या, असं वाटून मला त्या परक्या मुलखात उगीच बरं वाटायचं.

फोटो मी घरी पाठवत असे. बाबा त्यावर काही लिहीत नसत. भिंतीवर लागणार नाहीत हे मला माहीत होतं. पण फेकले जाणार नाहीत हेही माहीत होतं.

२ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. त्यानंतरचे दिवस आपल्याकडच्या शेकडो घरांनी पाहिलेत, त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन. आम्ही बगदादमार्गे अम्मानला पोहोचलो आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला. एक लाख सत्तर हजारांहून अधिक भारतीयांना त्या वेळी तसं परत आणलं गेलं. निघताना प्रत्येकाकडे एक बॅग. मी बॅगेत कागद, कपडे, बायकोसाठी घेतलेल्या दोन बांगड्या आणि बहिणीच्या लग्नासाठी घेतलेलं कापड भरलं. पेंटॅक्स कपाटात राहिला. निगेटिव्हही तिथेच.

"फोटोचा फार नाद होता, पण लढाईत कॅमेरा गेला." ही गोष्ट मी पुढची तीस वर्षं सांगितली. लग्नात, मय्यतीला जमलेल्या लोकांत, रेल्वेच्या डब्यात. ऐकणारा हळहळायचा. मलाही ती आवडायची.

खरं एवढंच की लढाईत एक कॅमेरा गेला. त्यानंतर मी सौदीत सतरा वर्षं होतो, नंतर दुबईत. कॅमेऱ्यांच्या दुकानांवरून रोज जायचो. १९९३ मध्ये घेता आला असता, २००० मध्ये तर सहज. घेतला नाही. आधी घर बांधायचं होतं, मग मुलांच्या फिया, मग एका भावाचं दुखणं. ही कारणं खोटी नाहीत, पण त्याच काळात मी दोन टीव्ही आणि तीन मोबाइल घेतले. चाळीशीतला माणूस पक्ष्यांच्या मागे फिरतो म्हटल्यावर खोलीतली पोरं हसतील याची मला लाज वाटत होती. आणि त्याहून आतलं कारण म्हणजे हात सुटला होता. एकदा सुटलेली गोष्ट धरायला गेलो आणि जमली नाही तर? त्यापेक्षा लढाईची गोष्ट बरी.

२०१७ मध्ये कायमचा परत आलो. बाबा १९९६ मध्येच गेले होते. वाडी भाऊ बघत होता. मी सकाळी फजरनंतर वाडीत एक चक्कर मारायचो, हात मागे बांधून, एखाद्या पाहुण्यासारखा. कस्तुर असायचा. मी त्याच्याकडे बघायचो आणि चहाला घरी यायचो. फोनमध्ये कॅमेरा होता, पण तीन वर्षांत वाडीचा एकही फोटो मी काढला नाही. कशाला काढायचा? वाडी कुठे जाणार होती?

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावरच धडकलं. करोनाची टाळेबंदी चालू होती, माणसं आधीच घरात होती. दुपारी वाऱ्याचा आवाज असा होता की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. आमच्या पडवीचे पत्रे गेले, मग माजघरावरची कौलं. बायको आयतुल कुर्सी म्हणत होती आणि मी दाराला खांदा लावून उभा होतो. सगळ्यात वाईट आवाज मागून येत होता. सुपारी मुळासकट पडत नाही, तिचं खोड मधेच तडकतं. एकामागून एक. आधी मी मोजत होतो. नंतर मोजणं सोडलं.

संध्याकाळी मागचं दार उघडलं तर दर्या दिसला. आमच्या घराच्या मागच्या दारातून दर्या कधी दिसला नव्हता. मधे वाडी असायची.

दोनशेवीस झाडांतली एकतीस उभी होती. नारळ थोडे वाचले. जायफळ दोन्ही गेली. वीज कित्येक आठवडे नव्हती. पंचनामे झाले, त्याविषयी बोलण्यात अर्थ नाही. मला सांगायचंय ते वेगळं आहे. पाचव्या-सहाव्या दिवशी भाऊ म्हणाला, वाडी आधी कशी होती याचा एखादा फोटो आहे का, पोरांना दाखवायला? मी फोन पाहिला. त्याने पाहिला. मुलांनी पाहिले. लग्नांचे, बिर्याणीच्या टोपांचे, नव्या गाड्यांचे शेकडो फोटो होते. वाडीचा नव्हता. एका फोटोत माझ्या पुतणीच्या मागे सुपारीचं अर्धं खोड होतं, तेवढंच.

मग बाबांची ट्रंक उघडली. छपरातून पाणी जाऊन आत सगळं भिजलं होतं. माझे कुवेतचे फोटो त्यांनी एका पाकिटात जपले होते, त्यांची वीट झाली होती. एकमेकांना असे चिकटले की सोडवायला गेलं तर रोहितांचे पाय एका कागदावर आणि अंग दुसऱ्यावर. पण एक प्लॅस्टिकची पिशवी होती, गाठ मारलेली, आतून कोरडी. त्यात बाबांचा हजचा पासपोर्ट, त्यांच्या आयुष्यातला एकुलता एक फोटो असलेला. तोही नाइलाजाने काढलेला. मामूंनी त्यावरून त्यांना किती चिडवलं होतं. पासपोर्टच्या आत दुमडून ठेवलेला माझा १९७३ चा फोटो. काळे खांब आणि टोकाला उजेडाचा पट्टा.

आमच्या वाडीचा तो एकच फोटो आता जगात आहे. आणि तो मी वाडीचा म्हणून काढलाच नव्हता.

पुढच्या वर्षी मुलगा आला तेव्हा त्याने निकॉनचा पी-नाइनहंड्रेड आणला. मी मागितला नव्हता, बायकोने मागितला होता. मला न विचारता. "दिवसभर मागच्या दारात बसून असतात, त्यांना काहीतरी हातात द्या," असं तिने त्याला फोनवर सांगितलं होतं. हा कॅमेरा माझ्यासारख्या म्हाताऱ्यांना आवडतो याचं कारण म्हणजे वेगळ्या जड लेन्स बाळगाव्या लागत नाहीत. त्र्याऐंशी पट झूम एकाच नळीत आहे. पेंटॅक्सवर जे स्वप्नातही शक्य नव्हतं ते अंगठ्याने होतं. अर्थात झूम सगळा ताणला की हाताची थरथरही तेवढ्याच पटीने वाढते, हे जाहिरातीत लिहीत नाहीत. मी भिंतीला, खांबाला, काहीच नसलं तर स्वतःच्या गुडघ्याला हात टेकवतो.

आपल्या हवेत कॅमेरा ठेवायचा कसा, हे नव्याने घेणाऱ्यांना सांगतो, कारण मी चुकून शिकलो. पहिल्याच पावसाळ्यात भिंगावर बुरशीची जाळी धरायला लागली. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू, कापडाने पुसून जात नाहीत. वेळेवर लक्षात आलं म्हणून वाचलो. आता तो हवाबंद डब्यात असतो, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. त्या पुड्या ओलावा ओढून ओढून भरतात, मग त्या बदलायच्या किंवा सुकवायच्या. डबा पूर्वी पापडांचा होता. बायकोने तो दिला, पण दर रमजानला परत मागते.

पहिले सहा महिने मी फक्त किनाऱ्यावर गेलो. वाडीकडे कॅमेरा घेऊन जायची हिंमत होत नव्हती. वाळूवर चिखल्या होते. यातले काही लडाख-तिबेटच्या बाजूला अंडी घालतात आणि हिवाळा काढायला आपल्या दर्याकाठी येतात, कुणी इथे थांबतं, कुणी आखाताच्या किनाऱ्यापर्यंत जातं. मी कुवेतमध्ये त्यांना ओळखलं होतं ते काही अगदी वेड्याचं मन नव्हतं म्हणायचं.

त्यांच्यामागे चालत गेलात तर ते तुम्हाला हरेश्वरापर्यंत चालवतील, फोटो देणार नाहीत. बसून राहावं लागतं. भरती चढत असताना पाण्याच्या आणि आपल्या मधली वाळू कमी कमी होत जाते आणि पक्षी आपोआप जवळ सरकतात. म्हणजे भरती आणि सकाळचं कोवळं ऊन एकत्र यायला हवं. हे गणित मला एका कोळी मित्राने सांगितलं आणि मी ते आपल्या चांदाच्या तारखांवर बसवलं. पुनवेला आणि अवसेला उधाण असतं, पण आपल्याकडे तेव्हा पाणी भर दुपारी बाराच्या सुमारास चढतं, सकाळी ओहोटी. रोज भरती सुमारे पाऊण-एक तास पुढे जाते. असं मोजत गेलं की चांदाची नववी-दहावी तारीख येते तेव्हा सकाळी सात-आठच्या दरम्यान भरती मिळते. ते भांगाचे दिवस, पाणी फार वर येत नाही, पण उजेड पक्ष्याच्या अंगावर आडवा पडतो. मुहर्रम असो की रजब, मी आता नववी-दहावी रिकामी ठेवतो.

खाली बसणं महत्त्वाचं. उभ्याने काढलेल्या फोटोत पक्षी वाळूवर सांडलेल्या दाण्यासारखा दिसतो. त्याच्या डोळ्याच्या उंचीवर आपला डोळा गेला पाहिजे. मी नमाजात बसतो तसा बसतो, मग हळूहळू कोपरांवर. गुडघे ओरडतात. एकदा एका पर्यटक बाईंना वाटलं मला चक्कर आलीय, त्या पाण्याची बाटली घेऊन धावत आल्या आणि तीस-चाळीस चिखल्या एका झटक्यात उडून गेले. त्या बिचारीला काय बोलणार? पाणी प्यालो.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं २०२२ मध्ये. पट्टी काढल्यावर पहिल्यांदा किनाऱ्यावर गेलो तर खंड्याचा निळा रंग बघून मी थक्क झालो. म्हणजे गेली काही वर्षं मी पिवळट काचेतून जग बघत होतो आणि तेच खरं समजत होतो. आधीचे फोटो पुन्हा काढून पाहिले. मी ज्यांचे रंग संगणकावर 'सुधारले' होते ते सगळे आता भडक निळे दिसत होते. पुसून टाकले.

त्याच वर्षी पावसाच्या शेवटी किहीमला जाऊन आलो. दिघीहून जंगलजेट्टीने आगरदांडा, मग मुरूड, काशीद, रेवदंडा असं करत. कारण एकच, सालीम अली. या माणसाचं नाव आपल्या घरांत जितकं घेतलं जायला हवं तितकं जात नाही. लहानपणी मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीकडे धाडलं आणि तिथून सगळं सुरू झालं, ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. किहीमची कमी. १९३० साली ते जर्मनीत शिकून परत आले तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची नोकरी राहिली नव्हती. पैसे नाहीत म्हणून जागाच बंद केली होती. वय तेहतीस, हातात काम नाही. ते आणि त्यांच्या बेगम तेहमिना किहीमला येऊन राहिले. तिथे सुगरणींची वसाहत होती. ते रोज जाऊन बघत बसले. नर अर्धवट खोपा विणतो, मादी येऊन आत डोकावून बघते, पसंत पडला तर ठेवून घेते. ती नांदायला लागली की हा पठ्ठ्या पलीकडे दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हे नीट बघून पहिल्यांदा मांडलं ते त्यांनी, १९३१ मध्ये. मराठीत आपण पक्ष्यालाच 'सुगरण' म्हणतो आणि कौतुक सगळं बाईच्या हाताचं करतो, पण विणकाम करतो तो नर. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "पसंत करायचं काम अवघड असतं."

किहीममध्ये ती नेमकी जागा शोधत मी फिरलो नाही. रस्त्याकडेच्या एका शिंदीवर खोपे लोंबत होते, काही पुरे, काही शिरस्त्राणासारखे अर्धे, तिथेच दोन तास बसलो. नव्वद वर्षांपूर्वी नोकरी गेलेला एक माणूस याच तालुक्यात असाच बसला असेल, एवढंच डोक्यात होतं. तो काही मिळवायला आला नव्हता. त्याच्यासमोर जे होतं ते त्याने बघितलं. मला घरी परत जाऊन मागचं दार उघडायचं होतं.

मागच्या दारात काय होतं, तर ऊन. भावाने २०२१ मध्ये सुपारीची नवी रोपं लावली होती, त्यांना सावली म्हणून मधे केळी. बाकी सगळं उघडं. कस्तुर नव्हता, त्याला ओला पाचोळा आणि अंधार लागतो. त्याच्या जागी उघड्यावरचे पक्षी आले होते. तारेवर वेडे राघू, मोडक्या खोडांच्या टोकांवर कोतवाल. आणि त्या हिवाळ्यात एका सकाळी, पूर्वी जिथे जायफळाचं झाड होतं बरोबर तिथे, हुदहुद. लांब वाकडी चोच जमिनीत खुपसून किडे ओढत होता. सूरह नम्लमध्ये सुलेमान अलैहिस्सलाम पक्ष्यांची हजेरी घेतात तेव्हा जो गैरहजर निघतो आणि मग सबाची खबर घेऊन येतो, तो हा. माझ्या चौसष्ट वर्षांत आमच्या वाडीत हुदहुद आलेला मी पाहिला नव्हता. येणार कसा? त्याला मोकळी जमीन लागते. वाडी होती तोवर त्याला इथे जागाच नव्हती.

मी कॅमेरा आणला, दाराच्या चौकटीला टेकवला आणि फोटो काढला. वाडीतला माझा दुसरा फोटो, पहिल्यानंतर एकोणपन्नास-पन्नास वर्षांनी. या वेळी पक्षी स्पष्ट आला, तुरा उभारलेला. मागे एकही झाड नाही.

तो फोटो पाहून लोक 'माशाअल्लाह' म्हणतात. भावाने पाहिला तेव्हा तो म्हणाला, "इथे जायफळ होतं." दोघंही बरोबर आहेत. मी त्या फोटोची मोठी प्रत काढून आणली होती. कुठे लावायची याचा बराच विचार केला. भिंतीवर लावली नाही. बाबांच्या पिशवीत ठेवली, त्या काळ्या फोटोच्या शेजारी. रूह असलेल्या पक्ष्याचा फोटो त्यांच्या कागदांत ठेवणं बरोबर की चूक, मला ठरवता आलं नाही. पण पहिल्या फोटोतही एक पक्षी आहेच. त्यांना तो कधी दिसला होता का, हे मी त्यांना विचारायला हवं होतं.

तेव्हापासून दर हिवाळ्यात हुदहुद येतो आणि दर हिवाळ्यात मी त्याच चौकटीला टेकून फोटो काढतो. तिसऱ्या वर्षी केळी त्याच्या फोटोत आल्या. चौथ्या वर्षी सुपारी माझ्या उंचीच्या वर गेली. यंदा दुपारी वाडीच्या मधोमध पाय भाजत नाहीत. काही झाडांवर पोय धरलीय, भाऊ रोज जाऊन बघतो, फळ टिकतं की गळतं. आणि हुदहुद आता मधे येत नाही. विहिरीच्या बाजूला एक पट्टा अजून उघडा आहे, तिथे केळीच्या कडेला उतरतो, पाठमोरा. सावली वाढली की तिथूनही जाईल. वाडी उभी राहावी अशी दुआ मी पाच वेळा मागतो, आणि त्याच दुआत त्याचं जाणं आहे, हे गेल्या महिन्यात लक्षात आलं तेव्हा थोडा वेळ कॅमेरा हातात घेऊन नुसता बसलो.

मुलाला मी तो फोटो पाठवला तो यासाठी. त्याला सांगितलं, मोठा करून बघ, डावीकडून दुसरी केळ. काल रात्री त्याचा मेसेज आला. पक्षी अजून सापडला नव्हता. पण त्याने विचारलं होतं, "अब्बा, मागे ती उंच झाडं कधी झाली?"